रजोनिवृत्ती, इस्ट्रोजेनचे इंजेक्शन आणि आपला विवेक

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार भरतो. दूरदूरच्या प्रांतांतून जातिवंत जनावरे येतात आणि लाखांचे व्यवहार होतात. स्त्रियांच्या एका औषधाचा या प्राण्याशी निकटचा संबंध आहे, हे मात्र आपल्या नंदुरबार जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक असेल. पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांना अनेक दशके दिल्या गेलेल्या एका हार्मोनच्या गोळीतील द्रव्य गाभण घोडीच्या मूत्रातून काढले जाते. हिरवा ठिपका पाहून बिस्किटांचा पुडा घेणारी आपली घरे औषधाच्या बाबतीत अशी चौकशी सहसा करीत नाहीत. ज्या अवस्थेसाठी हे औषध दिले जाते, तिच्याविषयी तर घरात अवाक्षरही निघत नाही. म्हणून आज या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करू.

अवस्था कोणती?

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. पाश्चात्त्य स्त्रियांत ती साधारण एक्कावन्नाव्या वर्षी येते, तर भारतीय स्त्रियांत सरासरीने शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास. अंडाशयांत तयार होणारे इस्ट्रोजेन हे हार्मोन या काळात घटत जाते. अंगातून एकाएकी गरम वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, छातीत धडधडते, विसराळूपणा व चिडचिड वाढते, नाजूक जागी कोरडेपणा व जळजळ होते. हाडे ठिसूळ होण्याची क्रिया मात्र निमूटपणे चालते आणि पुष्कळदा मनगट किंवा खुबा मोडल्यावरच लक्षात येते.

आपल्याकडे मे महिन्यात घामाचे कुणालाच नवल वाटत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली गृहिणी वारंवार पदराने तोंड पुसू लागली तर दोष उन्हाला दिला जातो, आणि ती सुनेवर चिडली तर स्वभावाला. तिला स्वतःलाही कारण उमगतेच असे नाही. प्रत्येकीला औषध लागत नाही. कित्येकींचा हा काळ आहार, चालणे आणि घरच्यांची समजूत यांवर निभावून जातो. परंतु जिची झोप महिनोन्महिने हरपली आहे तिने सोसत राहावे, यात कोणतेही पुण्य नाही.

अकाली आलेली तूट

काहींना ही अवस्था चाळिशीच्या आतच गाठते. कधी अंडाशय आपोआप निकामी होतात, तर कधी शस्त्रक्रियेत गर्भाशयासोबत तेही काढले जातात. गर्भाशय काढूनही अंडाशय शाबूत असतील तर इस्ट्रोजेन काही काळ मिळत राहते. तेही काढले असतील तर पुरवठा एका दिवसात थांबतो आणि त्रास अधिक तीव्र होतो.

या प्रश्नाकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष 2019 साली वेधले गेले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार मोठे असल्याच्या बातम्या आल्या. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत मजुरी बुडू नये, हे त्यामागील एक कारण पुढे आले. नंदुरबार जिल्ह्यातूनही अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. आपल्या दुकानांतून किराणा आणि कापड नेणारीच ही माणसे. अशा स्त्रीच्या पुढील आयुष्यातील हार्मोनच्या तुटीचा आणि हाडांचा हिशेब कोण ठेवतो? सुखवस्तू घरांतही ‘आता काय उपयोग, काढून टाका’ असा सल्ला सहज दिला जातो. अशा वेळी अंडाशय राहणार की जाणार, हे शस्त्रक्रियेआधीच विचारले पाहिजे.

इंजेक्शन म्हणजे काय?

इस्ट्रोजेन गोळी, त्वचेवर लावण्याचे जेल, पट्टी, योनीमार्गात लावण्याचे मलम आणि इंजेक्शन अशा अनेक रूपांत मिळते. इंजेक्शनात बहुधा इस्ट्राडायॉल व्हॅलरेट हे द्रव्य असते. अमेरिकेत ते 1954 पासून वापरात आहे. एरंडेल किंवा तिळाच्या तेलात विरघळवलेले हे औषध कमरेखालच्या स्नायूत खोलवर टोचतात. तेलामुळे ते रक्तात हळूहळू उतरते. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी आणि अंडाशयांच्या निकामीपणासाठी त्याची मान्य मात्रा सर्वसाधारणपणे दर चार आठवड्यांनी 10 ते 20 मिलिग्रॅम अशी सांगितलेली आहे.

यात सोय आहे, तसाच एक धोकाही आहे. रोजची गोळी विसरण्याचा प्रश्न राहत नाही, आणि औषध पोटातून यकृतात न जाता थेट रक्तात पोहोचते. मात्र पहिल्या काही दिवसांत प्रमाण चढते व नंतर उतरते, त्यामुळे महिनाअखेरीस त्रास पुन्हा डोके वर काढू शकतो. शिवाय गोळी त्रासदायक ठरली तर दुसऱ्या दिवशी बंद करता येते. टोचलेले औषध परत काढता येत नाही. म्हणून रजोनिवृत्तीच्या नेहमीच्या त्रासासाठी आज डॉक्टर जेल, पट्टी किंवा गोळीस प्राधान्य देतात आणि इंजेक्शन निवडक रुग्णांसाठी राखून ठेवतात. ‘ताकदीची सुई’ म्हणून तपासणीशिवाय ते कुणाकडूनही घेऊ नये.

उगम आणि अहिंसा

1930 च्या दशकात एडवर्ड डॉयसी या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या चमूने काही मिलिग्रॅम इस्ट्राडायॉलसाठी डुकरिणींची टनावारी अंडाशये वापरली. पुढे 1942 मध्ये अमेरिकेत घोडीच्या मूत्रापासूनची गोळी आली. त्यासाठी गाभण घोड्या महिनोन्महिने अरुंद ठाणांत बांधून ठेवल्या जात, आणि जन्मलेल्या शिंगरांपैकी अनेकांची रवानगी कत्तलखान्यात होई. 

दुसरा मार्ग वनस्पतींचा आहे. रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात मेक्सिकोतील रानकंदापासून स्त्री-हार्मोन बनवून दाखवले. आज सोयाबीनसारख्या वनस्पतींतील द्रव्यांपासूनही सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने ही हार्मोने तयार करतात. घोडीचा प्रश्न सुटला तरी कंदमुळाचा आणि सूक्ष्मजीवांचा प्रश्न आपल्यातील काहींना पडेल, याची मला जाणीव आहे. त्याचे उत्तर आपापल्या गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. व्यवहारात एवढे लक्षात ठेवावे की औषधावर ‘कॉन्ज्युगेटेड इक्वाइन इस्ट्रोजेन’ असे लिहिले असेल तर उगम घोडीचा आहे. इस्ट्राडायॉलचे पर्याय डॉक्टरांकडे मागता येतात. कॅप्सूल असल्यास तिच्या जिलेटिनविषयीही विचारावे.

जोखमीचा ताळेबंद

बँकेच्या नोकरीत एकच आकडा पाहून कर्ज मंजूर करता येत नसे. येथेही तोच नियम लावावा. जुलै 2002 मध्ये अमेरिकेतील 16,608 स्त्रियांवरील मोठा अभ्यास मध्येच थांबवण्यात आला आणि जगभर घबराट पसरली. त्यात घोडीपासूनचे इस्ट्रोजेन व कृत्रिम प्रोजेस्टोजेन एकत्र दिले होते. दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग औषध न घेणाऱ्यांत 30 जणींना, तर घेणाऱ्यांत 38 जणींना झाला. पक्षाघाताचे आकडे 21 आणि 29 होते. उलट खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण 15 वरून 10 वर आले. या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे लोटली होती. पुढील विश्लेषणांतून तज्ज्ञांचे मत असे बनले की साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास निरोगी स्त्रीला लाभ सहसा जोखमीपेक्षा अधिक असतो. अकाली तूट आलेल्या स्त्रीला तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत उपचार घेण्याचा सल्ला दिला जातो.

एक नियम मात्र निरपवाद समजावा. गर्भाशय असलेल्या स्त्रीला अशा उपचारात नुसते इस्ट्रोजेन देऊ नये, कारण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग संभवतो. सोबत प्रोजेस्टोजेन आवश्यक असते. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा आजार किंवा कारण न समजलेला रक्तस्राव यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. त्यांच्यासाठी हार्मोनविरहित औषधेही आहेत.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना पाच प्रश्न लिहून न्यावेत. मला हार्मोनची खरोखर गरज आहे का? गोळी, जेल की इंजेक्शन, आणि तेच का? उगम कोणता? सोबत प्रोजेस्टोजेन लागेल का? तपासणी केव्हा आणि उपचार किती काळ? अठ्ठाई किंवा वर्षीतप करणाऱ्या भगिनींनी उपवासाचे दिवसही सांगावेत.

या भेटीला घरातील पुरुषांनी बरोबर जावे. दुकान तासभर नोकराच्या भरवशावर राहिले तर फारसे बिघडत नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेले दोघांनी ऐकले तर घरी पुन्हा समजावत बसावे लागत नाही.