ॲप उपयोगी आहे, हे सिद्ध कसं करायचं?

"मोबाईल ॲपची उपयुक्तता" असा विषय संशोधनाला घ्यावा असं अनेकांना वाटतं. विषय चांगलाच आहे, पण उपयुक्तता मोजायची कशी, इथे गाडी अडते. अस्थिरोगातलं एक उदाहरण घेऊ.

समजा, अनसिंगच्या एका आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन अकोल्यात झालं. गुडघा किती वाकतो हे दाखवायला त्यांना नंतरही चकरा माराव्या लागतात. खुर्चीवरून नीट उठायला तो साधारण ९० अंशांहून जास्त वाकावा लागतो. हा कोन फिजिओथेरपिस्ट गोनिओमीटरने मोजतात. फोनमधला ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून फोनचा कल ओळखतो. गुडघा वाकवून फोन आधी मांडीवर, मग नडगीवर टेकवला की ॲप कोन काढून देतं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनीवर डॉक्टर व्हिडिओवर बोलतात, पण गुडघ्याला हात लावू शकत नाहीत. तिथे असा आकडा मिळाला तर एखादी चक्कर वाचेल.

मात्र आकडा चुकीचा असला तर? गोनिओमीटरने ६०, ८०, १०० अंश दाखवले आणि ॲपने ७०, ९०, ११०. इथे सहसंबंध गुणांक बरोबर १ येतो! तरी ॲप दर वेळी १० अंश जास्तच दाखवतंय. ८० अंशांवर अडकलेला गुडघा ९० चा वाटेल आणि उपचार लांबेल.

म्हणून सहसंबंध पुरेसा नाही, जुळणी तपासा. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये यासाठी सोपी रीत मांडली. प्रत्येक रुग्णासाठी दोन्ही मोजमापांतला फरक काढा. मग फरकांची सरासरी अधिक-उणे १.९६ गुणिले प्रमाण विचलन. सरासरी १ आणि विचलन ४ असेल, तर सुमारे ९५ टक्के फरक -७ ते +९ अंशांत पडतील, अर्थात फरकांचं वितरण प्रसामान्य असेल तर.

एवढा फरक चालेल का? हे गणित सांगत नाही, डॉक्टर सांगतात. तेव्हा ही मर्यादा डेटा गोळा करण्याआधीच त्यांच्याशी बोलून प्रस्तावात लिहा. आणखी एक, मोजमाप फक्त प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून करून घेऊ नका. घरी फोन आजींचा नातू धरणार असेल, तर चाचणीतही तो नातूच हवा.