झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क कोणाचा?
प्रतिनिधी

पुणे - सिग्नल लाल होतो. वाहने थांबतात, पण थांबण्याच्या पांढऱ्या रेषेच्या मागे नव्हे, तर थेट झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर. पादचारी दुचाकींच्या चाकांमधून वाट काढत निघतात. तेवढ्यात पदपथावरून आलेला एखादा सायकलस्वार घंटी वाजवत त्यांच्यातून पुढे सरकतो. शहरातील कोणत्याही मोठ्या चौकात दिसणाऱ्या या दृश्यात प्रत्येकाला आपलेच बरोबर वाटत असते. कायदा काय सांगतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

हा अज्ञानाचा प्रश्न जिवाशी निगडित आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात ३२ हजार ८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण पायी चालणारा होता.

वाहनचालकाचे कर्तव्य

मोटार वाहन कायदा १९८८ च्या अंतर्गत २०१७ मध्ये वाहन चालविण्यासंबंधीचे नवे विनियम लागू झाले. त्यांनी १९८९ च्या जुन्या विनियमांची जागा घेतली. ज्या झेब्रा क्रॉसिंगवर सिग्नल किंवा पोलिस नाही, तेथे चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पादचारी, अपंगांच्या गाड्या व चाकाच्या खुर्च्या वापरणारे यांना आधी जाऊ द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. 'हॉर्न वाजवला होता' ही सबब येथे चालत नाही.

पुढे वाहतूक तुंबली असेल आणि पट्टे ओलांडून पलीकडे जाण्यास जागा नसेल, तर गाडी पट्ट्यांवर नेऊन उभी करण्यासही मनाई आहे. पदपथ व सायकल मार्गावर मोटार वाहन चालविता येत नाही. याला अपवाद पोलिसांच्या निर्देशाचा.

लाल सिग्नल ओलांडून जाणे हा तर अधिक गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा समावेश धोकादायक वाहनचालनात करण्यात आला. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सायकलस्वार : वाहनचालक की पादचारी?

खरा गोंधळ आहे तो सायकलबाबत. सायकल हे मोटार वाहन नाही. तिला नोंदणी लागत नाही, चालविणाऱ्याला परवाना लागत नाही. त्यामुळे सिग्नल आपल्यासाठी नाही, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. रस्त्यावरील सर्व प्रकारच्या वाहतुकीचे नियमन करण्याचे अधिकार महाराष्ट्र पोलिस अधिनियम १९५१ नुसार पोलिस आयुक्तांना आहेत आणि त्यातून सायकल सुटत नाही.

झेब्रा क्रॉसिंगवर कोणाला आधी जाऊ द्यायचे, याच्या यादीत सायकल चालवत जाणाऱ्याचा उल्लेख नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. म्हणून पट्ट्यांवरून रस्ता ओलांडायचा असेल, तर सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत न्यावी, हाच सुरक्षित मार्ग. यामागे व्यवहाराचे कारणही आहे. पदपथावरून पायी येणाऱ्याचा अंदाज चालकाला येतो; वेगाने एकदम पट्ट्यांवर उतरणाऱ्या सायकलचा येत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत हे अंतर संपलेले असते.

रस्त्याने सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराने मात्र स्वतःला वाहनचालकच समजावे. त्यानेही थांबण्याच्या रेषेच्या मागे थांबावे आणि पट्ट्यांवरील पादचाऱ्याला वाट द्यावी.

पादचाऱ्यांचीही जबाबदारी

पादचाऱ्याचा हिरवा दिवा उघडझाप करू लागला, की नव्याने रस्त्यावर उतरू नये. जे आधीच उतरले आहेत त्यांनी न परतता पलीकडे पोचावे. थांबलेल्या बसच्या पुढून ओलांडताना बसच्या कडेला क्षणभर थांबून पलीकडून येणारे वाहन पाहावे. अपघात झाल्यास नुकसानभरपाई ठरविताना जखमीचा स्वतःचा निष्काळजीपणाही न्यायाधिकरण विचारात घेते.

तथापि, सारा दोष पादचाऱ्याच्या घाईला देणे योग्य नाही. सिग्नलची वेळ ठरविताना इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरलेला आहे. त्या हिशेबाने १८ मीटर रुंद रस्ता ओलांडण्यास १५ सेकंद लागतात. गुडघे दुखणारे आजोबा सेकंदाला ०.८ मीटरच चालत असतील, तर त्यांना साडेबावीस सेकंद हवेत. उरलेले साडेसात सेकंद ते सुटलेल्या वाहनांसमोर असतात.

न्यायालयाचा आग्रह

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळाविरहित पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पादचारी व बिगर-मोटार वाहनांसाठी सहा महिन्यांत नियम तयार करण्याचे निर्देश राज्यांना दिले. असे नियम करण्याचा अधिकार राज्यांना २०१९ च्या दुरुस्तीनेच मिळाला होता.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा केला. त्या दिवशी वाहनांविना मोकळ्या झालेल्या रस्त्यावर चालण्याचा आनंद नागरिकांनी घेतला. उरलेल्या ३६४ दिवसांसाठी मात्र पांढऱ्या पट्ट्यांचा मान राखणे, हाच उपाय आहे. त्याला खर्च येतो तो केवळ काही सेकंदांचा.

हे लक्षात ठेवा
- सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर पादचाऱ्याला आधी जाऊ द्या.
- पुढे जागा असल्याशिवाय पट्ट्यांवर गाडी नेऊ नका.
- पट्ट्यांवरून जाताना सायकलवरून उतरा.
- हिरवा दिवा उघडझाप करत असताना रस्त्यावर उतरू नका.
- ज्येष्ठ नागरिक पलीकडे पोचेपर्यंत थांबा. हॉर्न वाजवू नका.