गच्चीवर ऊन, दारात एजंट

पूर्वी गच्चीचे उपयोग ठरलेले असत. उन्हाळ्यात पापड-कुरडया, पावसाळ्यात गळती, थंडीत कोवळे ऊन खात बसलेली आजी आणि बारा महिने पाण्याची टाकी. आता या मंडळींत सोलरचे पॅनेल येऊन बसले आहे, आणि ज्याच्या मालकीची गच्ची आहे त्याला एकाएकी फार प्रेमाचे फोन येऊ लागले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू केली आणि एक कोटी घरांवर सोलर बसवण्याचा संकल्प सोडला. संकल्प चांगलाच आहे. पण जत्रा भरली की भाविकांच्या जोडीने खिसेकापूही येतात.

माझी थोरली बहीण, आक्का, सांगलीला असते. भावजींच्या मागे त्यांच्या फंडातले थोडे पैसे तिने जपून ठेवले होते. त्यांतून सोलर बसवायचे तिच्या मनात आले आणि माणूस शोधायचे काम माझ्याकडे आले. ‘दीड लाखाच्या वर एक रुपया नाही,’ तिने बजावले, ‘आणि मास्तरांसारखे व्हायला नको.’

मास्तर म्हणजे तिच्याच गल्लीतले एक निवृत्त शिक्षक. ‘आजच्या आज बुकिंग केलेत तर वीस हजार सूट’ या बोलीवर त्यांनी ऐंशी हजार रुपये एका माणसाच्या खाजगी खात्यावर भरले. तो माणूस आठ दिवस फोन उचलत होता. नवव्या दिवसापासून फोन बंद. मास्तरांच्या गच्चीवर लोखंडाचे दोन खांब तेवढे उभे आहेत. मास्तरीणबाईंनी त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे.

आक्काकडे पहिला जो एजंट आला त्याने मला विचारले, “घरात कुणी साहेब नाहीत का?” मी म्हटले, “साहेब नाहीत, आम्ही दोघी आहोत. बोला.” तो म्हणाला, “सरकारी योजना आहे ताई, सगळे फुकट. फक्त पाच हजार फाइल चार्ज.”

इथेच त्याला चहा देऊन वाटेला लावले. कारण फुकट काहीच नाही. सरकार देते ते अनुदान: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार रुपये, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे फार तर ७८ हजार. त्यापुढे पाच किलोवॉट बसवा की दहा, आकडा तोच. शिवाय हे पैसे यंत्रणा चालू झाल्यावर थेट आपल्या बँक खात्यात येतात, एजंटाच्या हातून नव्हे. अर्ज आपला आपण सरकारी संकेतस्थळावर करता येतो. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, एवढे पाहावे. व्हॉट्सॲपवर कुणी ‘सूर्यघर’ नावाचे ॲप पाठवले तर त्याला हात लावू नये, आणि ओटीपी तर सख्ख्या जावयालाही सांगू नये. आणि ‘साहेबांची मंजुरी मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला सांगावे की १० किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेसाठी तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाची अट २०२४ च्या नियमदुरुस्तीने काढून टाकली आहे.

दुसरे गृहस्थ टायवाले होते. त्यांनी गच्ची न पाहताच सोफ्यावर बसून पाच किलोवॉट ठरवून टाकले. मी आक्काची बारा महिन्यांची बिले पुढे ठेवली. महिन्याला सरासरी २२० युनिटे. आता हिशेब अगदी किराणाच्या यादीइतका सोपा आहे. एक किलोवॉटची यंत्रणा आपल्याकडे दिवसाला सुमारे चार युनिटे देते, म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलात जास्त. आक्काला दोन किलोवॉट पुष्कळ झाले. जागाही किलोवॉटला शंभरएक चौरस फूट लागते. जास्तीची वीज महावितरणला जाते आणि पुढच्या बिलांत वळती होते हे खरे. पण वर्षाअखेर जी युनिटे उरतात त्यांना मिळणारा भाव आपण विजेला मोजतो त्याहून बराच कमी असतो. तेव्हा घरच्यासाठी चार पोळ्या लागत असताना दहा लाटण्यात अर्थ नाही. “बिल शून्य येईल,” असे टायवाले तीनतीनदा म्हणाले. स्थिर आकार कुठे जाणार, असे विचारल्यावर त्यांना दुसऱ्या भेटीची आठवण झाली.

आणखी एक गोष्ट कुणीच आपणहून सांगत नाही. साधी, बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की भर उन्हातही बंद पडते. हा दोष नव्हे, ती मुद्दाम केलेली सोय आहे. खांबावर चढून तार जोडणाऱ्या वायरमनच्या अंगात आपल्या गच्चीवरची वीज शिरू नये म्हणून. दिवे गेल्यावरही पंखा फिरायला हवा असेल तर बॅटरी घ्यावी लागते आणि खर्च बराच चढतो. “लाइट गेली तर काय होईल?” हा एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारत असे. चौघांपैकी दोघांनी बेधडक “सगळे चालू राहील” म्हणून सांगितले. त्यांची नावे मी तिथेच खोडली.

चौथा मुलगा साधा होता, इस्त्री नसलेला शर्ट. आला तो आधी गच्चीवर गेला. दक्षिण कुठली ते पाहिले, टाकीची सावली सकाळी कुठे पडते आणि दुपारी चारला कुठे, ते विचारले, शेजारच्या नारळाकडे बराच वेळ पाहत राहिला. पॅनेले एका माळेत ओवलेली असतात. एकावर सावली पडली की सगळ्या माळेचे उत्पन्न घटते. मग म्हणाला, “मावशी, टाकी हलवा नाहीतर पॅनेल पलीकडे घेऊ. आणि स्लॅबला भोके पाडायची नसतील तर काँक्रीटचे ठोकळे करून त्यावर सांगाडा उभा करू.” ज्याला गळतीची काळजी आहे तो माणूस पुढच्या पावसाळ्यातही फोन उचलेल, असे मला वाटले.

वाटण्यावर मात्र विसंबले नाही. सरकारी यादीत त्याचे नाव आहे की नाही हे पाहिले (यादीत नाव असणे म्हणजे सद्गुणांचा दाखला नव्हे, पण नसणे म्हणजे अनुदान नाही). त्याने दोन वर्षांपूर्वी काम केलेल्या एका घरी आम्ही दोघी जाऊन आलो. घरधन्यांना ‘काम कसे आहे’ असे विचारले नाही. बिघाड कधी झाला आणि हा किती दिवसांनी आला, एवढेच विचारले. इन्व्हर्टर एकदा बंद पडला होता. तिसऱ्या दिवशी आला होता.

मग सगळे कागदावर. पॅनेलची कंपनी, वॉट, इन्व्हर्टरचा प्रकार, गंज न धरणारा जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा, अर्थिंग, वीजरोधक, आणि पाच वर्षांची देखभाल, जी या योजनेत बसवणाऱ्यावर बंधनकारकच आहे. अनुदानासाठी पॅनेल देशी बनावटीच्या सेलचे लागते. स्वस्त परदेशी माल त्या नावाखाली खपवणारे आहेत, म्हणून तसा दाखला आणि पॅनेलांचे अनुक्रमांक बिलावर लिहून घेतले. ‘पंचवीस वर्षांची गॅरंटी’ हेही नीट वाचावे. ती बहुधा पॅनेलच्या उत्पन्नाची असते; इन्व्हर्टरची मुदत त्याहून पुष्कळ कमी.

पैसे कंपनीच्या खात्यावर, तीन टप्प्यांत. शेवटचा टप्पा आक्काने नेट मीटर बसून महावितरणची तपासणी होईपर्यंत हाती ठेवला. त्या मुलाने कुरकूर केली नाही. एक लाख चौतीस हजार झाले; पुढे ६० हजार खात्यात परत आले. आता ती रोज पहाटे, पॅनेल तापण्यापूर्वी, मऊ फडक्याने धूळ पुसते. रोज पुसायची गरज नाही, पंधरवड्यातून एकदा पुरे, हे तिला सांगून पाहिले.

मास्तरांना मी सायबर गुन्ह्यांच्या १९३० क्रमांकावर फोन लावून दिला. अशी तक्रार पैसे गेल्यागेल्या, तासाभरात केली तर रक्कम वाटेतच गोठवता येण्याचा संभव असतो. मास्तरांनी लाजेपोटी तीन आठवडे घरातसुद्धा सांगितले नव्हते. तक्रार नोंदली गेली आहे, पोलीस ठाण्यात जबाबही झाला आहे. पैसे अजून आलेले नाहीत.