बिनजबड्याच्या माशांचे गोत्र

धरमपुरीच्या घाटावर नर्मदेच्या पाण्यातून निघालेला वाम मासा अनेकांनी पाहिला असेल. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बरणीत ठेवलेला लॅम्प्री पाहिल्यास तो त्याचाच भाऊबंद वाटावा, इतके दोघांचे लांबट, सर्पाकार शरीर सारखे दिसते. वस्तुतः वाम हा रोहू-कटल्याप्रमाणे जबडा असलेला अस्थिमत्स्य होय. लॅम्प्रीला जबडाच नाही. त्याचे तोंड वाटोळे व चोषक असते.

जबडा नसलेल्या माशांचे लॅम्प्री व हॅगफिश हे दोनच गट आज हयात आहेत. नर्मदेत त्यांपैकी एकही नाही. द्युमेरील या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०६ साली दोहोंना गोलमुखी या एकाच गटात घातले होते. १९७० नंतर मात्र मतभेद झाला. लॅम्प्रीला मणक्यांसारखे कूर्चेचे तुकडे असतात, तर हॅगफिशला पाठीचा कणा नाही व त्याचे डोळेही अविकसित. तेव्हा लॅम्प्री हा जबडेवाल्या प्राण्यांना अधिक जवळचा आणि हॅगफिश या सर्वांहून आदिम, असे अनेकांनी मानले. पुष्कळ पाठ्यपुस्तकांतही तेच आले.

या वादात रेणवीय पुरावा निर्णायक ठरला. त्याची रीत पोथीच्या दाखल्याने चटकन समजते. नकलनविसाच्या हातून झालेली चूक पुढच्या प्रतींतही उतरते. म्हणून दोन पोथ्यांत नेमक्या त्याच चुका आढळल्या, तर त्या एकाच प्रतीवरून उतरल्या असे आपण समजतो. पेशींतील न्यूक्लिइक अम्लांतही असे बदल पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. स्टॉक व व्हिट यांनी १९९२ साली रायबोसोमी आरएनएची अशी तुलना केली, तेव्हा लॅम्प्री व हॅगफिश हे परस्परांचे सर्वांत निकटचे आप्त ठरले. एकाच रेणूची साक्ष पुरेशी मानावी काय, ही शंका रास्तच होती. परंतु २०१० साली सूक्ष्म आरएनएच्या अभ्यासाने त्याच निष्कर्षाला पुष्टी दिली आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या हॅगफिशच्या संपूर्ण जनुकसंचानेही तेच दाखविले.

मग कण्याचे काय? जपानी संशोधकांना २०११ साली हॅगफिशच्या भ्रूणात मणक्यांसारखे अवशेष आढळले. म्हणजे त्याचा कणा पूर्वी होता, तो पुढे लोपत गेला. हे साधेपण मूळचे नव्हे.

ज्या शाळांतील तक्त्यांत हॅगफिश एकटाच सर्वांत खालच्या पायरीवर दाखविला आहे, तेथील शिक्षकांनी त्यास लॅम्प्रीच्या फांदीवर आणून बसवावे.