जुनी पिकअप सेल्फ घेत नाही? बॅटरी बदलण्याआधी जोड तपासा



टोमॅटोचे क्रेट रात्रीच गाडीत रचून ठेवावेत, पहाटे तीनला उठून चावी फिरवावी आणि गाडीने नुसते 'टक्' करून गप्प बसावे, हा अनुभव जुनी पिकअप घेतलेल्या पुष्कळांना आहे. मग शेजारची चार माणसे उठवून धक्का मारायचा, नाहीतर भाड्याची गाडी शोधायची. तोवर लिलाव सुरू झालेला असतो आणि उशिरा आलेल्या मालाला काय भाव मिळतो ते तुम्हाला सांगायला नको. गॅरेजला गेले की पहिला सल्ला ठरलेला: बॅटरी बदला. काही हजार रुपये जातात, चार दिवस गाडी बरी चालते, आणि पुन्हा तेच 'टक्'.

असे का होते ते समजून घेतले तर खर्च वाचतो. हे पत्रक यांत्रिक पंपाच्या, इंजिनाला कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या डिझेल गाड्यांसाठी आहे. अलीकडच्या गाड्यांत बॅटरी व जोडांचे नियम हेच असले तरी बाकीची तपासणी वेगळी असते.

जोडाला एवढे महत्त्व का?

ठिबक संचावरचा दाबमापक आठवा. व्हॉल्व्ह बंद असताना काटा पुरा दाब दाखवतो. व्हॉल्व्ह उघडला आणि फिल्टर चोंदलेला असला की फिल्टरच्या पुढचा दाब एकदम पडतो. विजेचे असेच आहे. गाडीतला ५ वॅटचा छोटा दिवा अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. सेल्फ मात्र डिझेल इंजिन फिरवताना २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. जोडात गंज चढून ओहमच्या शंभराव्या भागाइतका जरी अडथळा आला, तरी २०० अँपिअरला तिथे २ व्होल्ट खाल्ले जातात. म्हणून दिवा लखलखीत पेटतो आणि सेल्फ मात्र फिरत नाही. टेस्ट लॅम्प पेटला म्हणजे वायर चांगली, असे समजू नये. दहा तारांपैकी एक शाबूत असली तरी दिवा पेटतोच.

आपल्या गाड्यांत हा दोष लवकर येतो, कारण आपण त्यांतून खताची पोती, कोंबडीखत, कधी मासळीही नेतो. खत हवेतील ओल ओढते आणि ती ओल चेसिसवरच्या अर्थच्या बोल्टात शिरते. बॅटरीच्या खुंट्या सगळे पाहतात, खाली इंजिनापासून चेसिसपर्यंत गेलेली अर्थची पट्टी कोणी पाहत नाही. माझा अनुभव असा, की पहिला संशय त्या पट्टीवरच घ्यावा.

आधी कान द्या, दिवे पाहा

गाडी न्यूट्रलला घ्या, हॅण्डब्रेक ओढा. हेडलाइट लावा, एका माणसाला समोर उभे करा आणि चावी फिरवा.

दिवे मुळातच लागत नसतील तर बॅटरीची पकड निखळली आहे, मुख्य फ्यूज गेला आहे, किंवा बॅटरी पार उतरली आहे. सेल्फ 'कट-कट-कट' करत असेल तर वीज अपुरी पडते आहे: सोलेनॉइड ओढला जातो, दाब पडतो, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. एकच 'टक्' आणि दिवे एकदम विझल्यासारखे झाले तर उतरलेली बॅटरी किंवा खराब जोड. 'टक्' होऊनही दिवे तसेच प्रखर राहिले तर सोलेनॉइडच्या आतले संपर्क किंवा सेल्फचे कार्बन झिजले असावेत. आवाजच नाही आणि दिवे प्रखर, तर चावीचा स्विच, रिले किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर पाहावी. सेल्फ 'गर्र' फिरतो पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स किंवा फ्लायव्हीलचे दाते गेलेले असतात. ते काम गॅरेजचे.

मीटर लावून पाहणे

साधा डिजिटल मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये. बॅटरी भरलेली असूनही तो सात-आठवर आला तर मात्र बॅटरी गेली असे खुशाल समजा. (उघड्या झाकणांची बॅटरी असेल तर पाणी आधी पाहावे. फक्त डिस्टिल्ड पाणी. विहिरीचे किंवा बोअरचे नको.)

आता खरी परीक्षा. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण खुंटीवरच टेकवा, पकडीवर नाही. दुसरी इंजिनाच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असला पाहिजे. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थच्या वाटेतच वीज अडते आहे. तसेच धन खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत पाहा. दोन्ही ठिकाणी आकडा कमी आणि बॅटरी चांगली, तर दोष सेल्फमध्ये. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मधे मिनिटभर थांबा.

साफसफाई सोपी आहे. आधी ऋण वायर सोडवा, मग धन. जोडताना आधी धन, शेवटी ऋण. हातातले कडे, अंगठी काढून ठेवा. बिडी तर नकोच, कारण चार्ज होताना बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. पांढरा-हिरवा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, ते पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका. खुंटी व पकड पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. अर्थच्या पट्टीखालचा रंग व गंज खरवडून काढा. पट्टी फुगलेली, तुटक्या तारांची असेल तर बदला. नव्या बॅटरीच्या मानाने तिची किंमत काहीच नाही.

चार्जिंग, आणि रात्रीत उतरणारी बॅटरी

गाडी चालू करून थोडी रेस दिली की बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. १२.५ च राहिले तर अल्टरनेटरचा पट्टा ढिला आहे, वायर सुटली आहे किंवा अल्टरनेटर गेला आहे. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरीचे पाणी आटवतो. चार्जिंग चालते का हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढण्याची काही मिस्त्रींना सवय असते. तसे करू देऊ नका. त्याने अल्टरनेटरचे डायोड उडतात.

चार्जिंग ठीक आणि तरी सकाळी बॅटरी उतरलेली, तर रात्री कोणीतरी वीज पितो आहे. जुन्या मालकाने टेप, जादा दिवे, हॉर्न कुठून कुठे जोडले असतील याचा नेम नसतो. चावी काढा, दारे लावा, ऋण वायर सोडवून ती आणि खुंटी यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरा. तो पेटला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला लॅम्प विझेल त्या वाटेवर चोर आहे. हे करताना फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर ती आजच काढून ठरलेल्या अँपिअरचा फ्यूज घाला. पिकअपमध्ये कडबा भरलेला असताना वायरिंग पेटले तर काय होईल याचा विचार करा. धान्याजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायराही शोधाव्यात.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी चालू करायची असेल तर दोन्ही १२ व्होल्टच्या आहेत याची खात्री करा. ट्रकची २४ व्होल्टची जोडणी चालणार नाही. धन ते धन जोडा. ऋणची दुसरी बाजू उतरलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या धातूला लावा.

राहिला एक प्रकार. सेल्फ इंजिन झपाट्याने फिरवतो पण इंजिन पेट घेत नाही. तेव्हा बॅटरीला दोष देऊ नका. पंपावर इंजिन बंद करणारा सोलेनॉइड असेल तर चावी चालू केल्यावर त्याच्या वायरीत १२ व्होल्ट येतात का ते पाहा. येत असतील तर डिझेल फिल्टर आणि लाइनमध्ये धरलेली हवा तपासा, हातपंपाने हवा काढा. थंडीत हीटर प्लग असलेल्या गाडीत ते तापतात की नाही हेही पाहावे लागते.