पॉकेटच्या आधी पांढरा चेंडू

क्यू म्हणजे टोकाकडे निमुळती होत गेलेली लाकडी काठी. ती केवळ पांढऱ्या चेंडूला लावायची आणि त्याच्या आघाताने इतर चेंडू टेबलाच्या सहा पॉकेटांत पाठवायचे, हा पूल या खेळाचा मूळ नियम होय. लहान मुलांना तो शिकवताना पहिल्याच दिवशी चेंडू पॉकेटमध्ये घालण्याचा आग्रह धरला जातो आणि तिथेच शिकवणीची दिशा चुकते, कारण चेंडू पुष्कळदा योगायोगानेही आत जातो व त्या आनंदात हाताचे चुकीचे वळण पक्के होऊन बसते.

प्रौढांची क्यू साधारणपणे 57 ते 58 इंच लांब असते, तर मुलांसाठी 48 इंची क्यूही मिळते, आणि ती मिळवणे हा हौसेचा नव्हे, गरजेचा भाग आहे. लांब क्यूच्या वजनाने मुलाचा मागचा हात डळमळतो आणि फटका वाकडा जातो. टेबलावर टेकवलेल्या पुढच्या हाताने क्यूसाठी जो आधार तयार होतो त्याला ब्रिज म्हणतात. तळहाताची कड व पसरलेली बोटे टेबलावर घट्ट टेकवून अंगठा तर्जनीला चिकटवला की क्यू सरकण्यापुरती खाच तयार होते, आणि लहान हातांना हाच ब्रिज सोयीचा पडतो. मागच्या हाताची पकड सैल असावी, कोपर स्थिर राहावे आणि हालचाल फक्त कोपराखालच्या हाताची व्हावी.

हे जमते आहे की नाही, याची परीक्षा पाहण्यासाठी दुसऱ्या चेंडूची गरजच नसते. पांढरा चेंडू टेबलाच्या मध्यरेषेवर ठेवून समोरच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, सरळ मारावा. तो परतून क्यूच्या टोकाशीच आला तर फटका चेंडूच्या मध्यावर बसला, आणि बाजूला गेला तर क्यू मध्य सोडून लागली किंवा नेमच तिरका होता. मूल स्वतःच स्वतःची चूक पाहू शकते, म्हणून हा सराव कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये.

यानंतर दुसरा चेंडू आणावा. दोन्ही चेंडूंचे वजन जवळपास सारखे असल्यामुळे, जवळून, मध्यावर व समोरासमोर फटका बसला तर पांढऱ्या चेंडूचा जवळजवळ सगळा वेग दुसऱ्यात जातो आणि पांढरा जागीच थांबतो. कॅरम खेळलेल्या मराठी मुलांना कोनांचा अंदाज लवकर येतो; मात्र स्ट्रायकर आणि सोंगट्या घसरतात, तर पूलचा चेंडू गडगडतो, त्यामुळे तो मध्याच्या वर मारला तर टकरीनंतर पुढे जातो आणि पुरेसा खाली मारला तर मागे येतो. फ्रेंच गणिती कोरिओलिस यांनी 1835 साली बिलियर्ड्सच्या चेंडूंच्या अशा हालचालींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. खालचा फटका मात्र मुलांना उशिराच शिकवावा, कारण त्यात क्यू निसटते आणि टेबलाचे कापड फाटण्याचा धोका असतो.

तिरक्या फटक्यासाठी काल्पनिक चेंडूची पद्धत सर्वांत सोपी पडते: रंगीत चेंडूला पॉकेटच्या नेमक्या विरुद्ध बाजूस टेकलेला आणखी एक चेंडू कल्पावा आणि पांढऱ्याचा मध्य त्या जागी नेण्याचा नेम धरावा.

प्रत्यक्ष खेळाला 15 रंगीत चेंडू मांडण्याऐवजी तीनच चेंडूंनी आरंभ करून, ते कोणत्या क्रमाने घालायचे हे मुलालाच ठरवू द्यावे. पांढरा चेंडू पॉकेटमध्ये पडला तर फाउल होतो आणि प्रतिस्पर्ध्याला तो हवा तिथे ठेवता येतो, हा नियम पहिल्याच डावापासून पाळावा. तो मुलांसाठी शिथिल केला, तर फटक्यानंतर पांढरा कुठे थांबेल याचा विचार करण्याचे त्यांना कारणच उरत नाही.