बारावीनंतर वर्दी : पळण्याआधी गुणपत्रिका काढा

दिघाशीपासून भिवंडीपर्यंत पहाटे कुठल्याही रस्त्याला लागा, कडेने पळणारी दोन-चार पोरं दिसतातच. गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांची वर्दळ वाढायच्या आत त्यांना पळून घ्यायचं असतं. कसली तयारी, म्हणून विचारलं की उत्तर येतं, ‘भरतीची’. कुठल्या भरतीची, हे मात्र पुष्कळांचं ठरलेलं नसतं. गेल्या आठवड्यात पोलीस भरती पाहिली, आज सैन्यदलं.

जून २०२२मध्ये अग्निपथ योजना आली. तेव्हापासून भूदल, नौदल आणि हवाई दलात जवानांची बहुतेक भरती चार वर्षांसाठी ‘अग्निवीर’ म्हणून होते. वय किमान साडेसतरा आणि उमेदवार अविवाहित हवा. वरची वयोमर्यादा त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावी.

सर्वांत रुंद दार भूदलाचं. जनरल ड्यूटीला दहावी पुरते : एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. म्हणजे बारावीत गटांगळी खाल्लेल्यालाही ते उघडं आहे. कॉमर्सवाल्यांनी मात्र क्लार्कच्या जागांकडे बघावं. कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात ५०, आणि इंग्रजीबरोबर गणित, अकाउंट्स किंवा बुककीपिंगमध्येही ५० हवेत. टेक्निकलला बारावी सायन्स लागतं, नाहीतर दहावीनंतरचा ठरावीक आयटीआय किंवा डिप्लोमा. उंचीचंही आधीच मोजून घ्या. जनरल ड्यूटीला महाराष्ट्रातल्या मुलांना १६८ सेंटिमीटर लागते, मान्यताप्राप्त आदिवासी क्षेत्रातल्या आदिवासी मुलांना १६२.

आता पळणं. मैदानावर १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर पूर्ण ६० गुण. चारशे मीटरच्या ट्रॅकवर हिशेब केला तर दर फेरीला साधारण ८२ सेकंद, आणि चौथ्या फेरीलाही तेवढेच. पहिली फेरी सत्तरमध्ये मारून टाळ्या घेणारा शेवटच्या फेरीत हमखास मागे पडतो. वर दहा पुलअप्सचे ४० गुण. पण २०२३पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा असते. ती निघाली नाही तर कितीही वेगवान पायांना मैदान दिसत नाही. आपल्याकडच्या तयारीत हाच कच्चा दुवा आहे; पहाटे दोन तास पळणारा संध्याकाळी अर्धा तास गणिताला देत नाही.

नौदलाच्या एसएसआरला, म्हणजे बारावीवरच्या भरतीला, गणित आणि फिजिक्स हवंच. आर्ट्स किंवा कॉमर्स झालेल्याला तिथे दहावीवरची एमआर तेवढी उरते. हवाई दलाबद्दल मात्र गावागावांत गैरसमज आहे. ते फक्त सायन्सवाल्यांचं नाही. इतर शाखांनाही अग्निवीरवायूचा अर्ज भरता येतो. अट एकूण ५० टक्क्यांची आणि इंग्रजीत वेगळ्या ५० टक्क्यांची. मराठी माध्यमाची मुलं इथेच अडखळतात. धाव तुलनेने सोपी : नौदलात मुलांना साडेसहा मिनिटं, हवाई दलात सात.

तटरक्षक दल अग्निपथमध्ये नाही, नोकरी कायमची. नाविक जनरल ड्यूटीसाठी पुन्हा बारावीचं गणित आणि फिजिक्स.

हा ‘कायमची’ शब्द घरच्यांच्या डोक्यात पक्का असतो, आणि त्यांचं चुकत नाही. अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के पुढे सेवेत राहतात. पहिल्या वर्षी पगार महिना ३० हजार, पण ३० टक्के निधीत जाऊन हातात २१ हजार पडतात. सरकारही तेवढीच भर घालतं, त्यामुळे चार वर्षांनी सुमारे पावणेबारा लाख मिळतात, पेन्शन नाही. बाविशीत परतलेल्या मुलाने त्या पैशाचं काय करायचं, हे घरात आधीच बोलून घ्यावं. भाऊबंदांत एखादी गाडी घेऊन ते संपायला वेळ लागत नाही.

अधिकारी व्हायचं असेल तर खडकवासल्याची एनडीए. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. २०२१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींनाही ती देता येते. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, असं जाहिरातीत असतं. ते खरं, पण लेखीच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे आहेत. आर्ट्स घेतलेल्याला दार उघडं आहे, उंबरठा मात्र तेवढाच उंच.

म्हणून घरात दहावीला कोणी असेल तर आताच बघा. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था दहावीनंतर मुलांना घेऊन दोन वर्षं एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. अर्ज दहावीच्या निकालाआधीच भरायचे असतात.

पुढच्या आठवड्यात : वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रं.